लेण्यांची वाट आणि शरीराचे पाणी : कुटुंबासह पितळखोऱ्याला जाताना

पितळखोऱ्याच्या शिलालेखांत एका राजवैद्याचे नाव कोरलेले आहे. त्याचे नाव मगिल. लेण्यांसाठी त्याने दान दिले. त्याच्या मुलाच्या आणि मुलीच्या दानाचीही तेथे नोंद आहे. राजाच्या वैद्याचे अख्खे कुटुंब दायक म्हणून जिथे भेटते, त्या लेण्यांना आपणही लेकराबाळांसह जावे, ही इच्छा योग्यच आहे. प्रश्न आहे तो कधी आणि कसे जावे याचा.

आपल्याकडे लेण्यांच्या सहली बहुधा दोन वेळा निघतात. एक वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या निमित्ताने, आणि दुसरी पावसाळ्यात, वर्षावासाच्या काळात. पितळखोऱ्यासाठी या दोन्ही वेळा अवघड आहेत. कन्नड तालुक्यातील गौताळा अभयारण्यात, सातमाळा रांगेतील एका खोल दरीत ही लेणी आहेत. हा भाग वाळवंट नव्हे. पण एप्रिल-मे महिन्यांत झाडांची पाने गळालेली असतात, ओढा आटतो, काळा कातळ तापतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा तिथे वाळवंटाचेच नियम पाळावे लागतात. पावसाळ्यात त्याच ओढ्याला अचानक लोंढा येतो आणि पायऱ्या शेवाळतात. म्हणून लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर कार्तिक ते माघ, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. वंदनेसाठी पौर्णिमाच हवी असेल, तर याही महिन्यांत पौर्णिमा येतेच. निघण्यापूर्वी अभयारण्याच्या आणि लेण्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात.

आधी उतार, मग चढ

बहुतेक लेण्यांना आपण आधी चढतो. दम लागला की तिथूनच परत फिरता येते, आणि परतीची वाट उताराची असते. पितळखोऱ्याला नेमके उलटे आहे. गाडी वर पठारावर थांबते आणि पायऱ्यांनी खाली दरीत उतरावे लागते. सकाळच्या गारव्यात उतरताना आजीलाही काही वाटत नाही. खरी परीक्षा परतताना होते. तोवर ऊन वर आलेले असते, दरीत वारा पडलेला असतो, पाणी संपत आलेले असते आणि मूल कडेवर घ्या म्हणून रडत असते.

म्हणून या सहलीचा हिशेब परतीच्या चढापासून मांडावा. सकाळी आठच्या सुमारास उतरायला सुरुवात करावी आणि अकरापर्यंत सर्वजण वर यावेत. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची ठेवावी. दर दहा-पंधरा मिनिटांनी सावलीत बसावे. गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो. त्यांच्या हाती काठी द्यावी. पायांत जुनी, सवयीची, पकड असलेली पादत्राणे असावीत. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत.

पाणी किती न्यावे?

मोठ्या माणसाला अशा दिवशी प्रवासासह किमान तीन लिटर पाणी लागते. त्यातील दीड लिटर तरी प्रत्येकाने दरीत बरोबर न्यावे, उरलेले गाडीत ठेवावे. चार मोठी माणसे आणि एक मूल असेल, तर खाली सुमारे सात लिटर न्यावे लागेल. हे ओझे वाटून घ्यावे. नियम एकच ठेवावा : उतरताना आणि लेणी पाहताना निम्मे पाणी, चढासाठी निम्मे. निम्मे संपले की पाहायचे काही राहिले असले तरी परत फिरावे.

तहान लागण्याची वाट पाहू नये. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, आणि मुले खेळण्याच्या नादात पाणी विसरतात. दर वीस मिनिटांनी चार घोट प्यावेत. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून ओआरएसची पाकिटे बरोबर घ्यावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. लेण्यांतील किंवा ओढ्यातील पाणी पिऊ नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी द्यायचे नसते. त्याला अंगावर वारंवार पाजावे आणि आईने स्वतः अधिक पाणी प्यावे.

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. वाटेत शौचालय नसेल या धास्तीने आपल्या भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, लघवीला जळजळ होते. सहलीच्या आयोजकांनी कन्नडमध्ये किंवा वाटेत स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते आधी शोधून ठेवावे आणि तिथे गाडी थांबवावी.

कोणी डॉक्टरांना विचारून निघावे?

सिकलसेल हा आजार विदर्भातील आदिवासी समाजाप्रमाणे आपल्याही अनेक कुटुंबांत आहे. अंगातील पाणी कमी झाले, अतिश्रम झाले किंवा थंडी बाधली, तर या रुग्णांच्या लालपेशी विळ्यासारख्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून एसएस रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दरीत उतरू नये आणि नेहमीची गोळी चुकवू नये. एएस म्हणजे वाहक व्यक्ती सहसा निरोगी असतात, पण उन्हात पाण्याविना अतिश्रम त्यांनाही धोक्याचे ठरू शकतात. घरात कुणाला हा आजार असेल आणि आपली तपासणी झाली नसेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि शरीरातील पाणी कमी होते. गोळी मनाने बंद करू नये. सहलीच्या दिवशी काय करायचे ते आधी विचारावे. मधुमेहींनी न्याहारी टाळू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. अष्टशील पाळून दुपारनंतर जेवण न करणाऱ्यांनी सकाळचे भोजन वेळेवर आणि पुरेसे घ्यावे. छातीत दुखणे किंवा थोड्या चढानेही दम लागणे असा त्रास असणाऱ्यांनी वरच थांबावे.

ऊन लागल्याची खूण

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, खूप घाम आणि गळून जाणे, ही पहिली सूचना आहे. चालणे तिथेच थांबवावे. सावलीत झोपवून पाय उंच करावेत, कपडे सैल करावेत, ओआरएस घोटघोट द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही तो असू शकतो. अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, 108 ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एक धडधाकट माणूस फोनसह वर ठेवावा.

अशा कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असू शकतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये. चैत्यगृहातील जुन्या चित्रांनाही तो धूर घातकच आहे. वंदना शांतपणे, हात जोडून करता येते.

खाली पोहोचल्यावर भिंतीला तळहात लावून पाहा. कातळ गार असतो. कातळाची जाडी बाहेरचे ऊन आत येऊ देत नाही. विहाराच्या दाराजवळ कोरलेल्या नागाच्या फण्यांकडे मुलांचे लक्ष वेधा. कातळात खोदलेल्या नळीतून आलेले पाणी त्यातून बाहेर पडावे, अशी ती योजना होती. हे खोदणाऱ्यांनी उन्हाचा आणि पाण्याचा विचार आधी केला होता.

कोण खाली उतरणार आणि कोण वर थांबणार, हे गाडीत बसण्यापूर्वी घरीच ठरवावे. वर थांबणाऱ्याला एकटे सोडू नये, आळीपाळीने कुणीतरी त्याच्यासोबत बसावे. सहलीला गेलेले सगळे संध्याकाळी धडधाकट घरी आले, तरच ती सहल नीट पार पडली असे म्हणता येते.