कुंपणावरची फुलबाग

अंधेरी-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत तळमजल्याच्या मागे जागेची अरुंद पट्टी उरते आणि समोर कंपाउंडची भिंत. फुलं तिच्यावरच चढवावीत. भिंत सोसायटीच्या मालकीची असते, म्हणून कमिटीला आधी विचारावं.

जाळी भिंतीला चिकटवू नये. दोन-तीन इंच अंतर ठेवलं की ओल भिंतीत मुरत नाही. वजनाचा अंदाज मात्र नीट घ्यावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि भिजलेली माती त्याहून जड. टांगत्या कुंड्यांत कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त, माती कमी. वरच्या ओळी लवकर सुकतात, खालच्यांना ठिबकणारं पाणी मिळतं. म्हणून सदाफुली आणि चिनी गुलाब (आपलं ऑफिस टाइम) वर, ओल आवडणारी फर्न खाली.

वेलींत गोकर्ण सर्वांत भरवशाची. बी रात्रभर भिजवून थेट जमिनीत पेरावं. मधुमालती देखणी खरी, पण तिचा भार नाजूक जाळी पेलत नाही.

खरी कसोटी पावसाळ्याची. उपनगरांत जून ते सप्टेंबरमध्ये २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा ऑफिस टाइमची मुळं कुजतात. कुंड्यांना जादा भोकं पाडावीत आणि बशा दर आठवड्याला न चुकता रिकाम्या कराव्यात: डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. पिटुनियाची रोपं नोव्हेंबरात आणावीत.