जुनी कंबरदुखी आणि अफूची औषधे

मध्यप्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील भरवेली येथील मँगनीजची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. अशा खाणीत ड्रिल खडकात रेटताना यंत्राचा प्रत्येक ठोका दंडांतून खांद्यांत आणि खांद्यांतून पाठीत उतरतो. तेव्हा वाकणे, ओझी उचलणे आणि यंत्रांचे हादरे सोसणे यांत ज्याचे आयुष्य सरते, त्याला कंबरदुखी जडली तर नवल नाही. अशा दुखण्यावर हमखास उतारा म्हणून ज्या औषधांकडे लोक आशेने पाहतात, त्यांचे मूळ याच मध्यप्रदेशच्या पश्चिमेस, नीमच-मंदसौरच्या मुलखात, सरकारी परवान्याने पिकणाऱ्या अफूत आहे.

अफूतील मॉर्फिन आणि त्याच्या धर्तीवर कृत्रिमरीत्या बनविलेले ट्रामाडोल ही द्रव्ये मेंदू व मज्जारज्जू यांतील विशिष्ट ग्राहकांना चिकटून वेदनेचा संदेश मंदावतात. परंतु तेच ग्राहक आतड्यांत आणि श्वसनाच्या केंद्रातही असल्यामुळे बद्धकोष्ठ होते, गुंगी येते आणि मात्रा अति झाल्यास श्वासच थांबतो. शिवाय दीर्घ सेवनाने शरीर औषधाला सरावते, पहिली मात्रा अपुरी पडू लागते, आणि काहींच्या बाबतीत तर वेदनेची संवेदनाच अधिक तीव्र होते.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीत मूळ इजा पुष्कळदा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था मात्र अतिसंवेदनशील होऊन बसते. म्हणूनच ताज्या जखमेच्या वेदनेला लागू पडणारे औषध येथे अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडत नाही. अमेरिकेत कंबर, खुबा किंवा गुडघा यांच्या जुनाट दुखण्याने त्रस्त अशा 240 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षअखेर अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांची हालचाल इतर औषधे घेणाऱ्यांहून सुधारली नव्हती. दुष्परिणाम मात्र त्यांनाच अधिक झाले. ऑस्ट्रेलियात ताज्या कंबर व मानदुखीच्या 347 रुग्णांवरील, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही सहा आठवड्यांनंतर अफूवर्गीय गोळी आणि निरौषधी गोळी यांत फरक आढळला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी ही औषधे नेमाने देऊ नयेत, असा निर्वाळा दिला.

यावरून मॉर्फिन सर्वथा त्याज्य ठरते असे मात्र नव्हे. कर्करोगाच्या असह्य वेदनेत त्याला तोड नाही. भारताच्या 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक तरतुदींपायी असे रुग्ण दीर्घकाळ त्याला वंचित राहिले, म्हणून 2014 मध्ये त्यात दुरुस्ती करून वैद्यकीय उपयोगाची वाट सुकर करण्यात आली. उलट ट्रामाडोलचा दुरुपयोग वाढल्याने 2018 मध्ये ते या कायद्याच्या कक्षेत आणावे लागले.

जुन्या कंबरदुखीचा खरा उपचार मंद आणि कष्टाचा आहे: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम, अंथरुणाला न खिळता चालते-फिरते राहणे, दुखण्याचे स्वरूप समजून घेणे, आणि गरजेपुरतीच साधी दाहशामक औषधे. पायांत बधिरता आल्यास, लघवीवरचा ताबा सुटल्यास अथवा दुखण्यासोबत ताप आल्यास रुग्णालय विनाविलंब गाठावे. शेजाऱ्याच्या घरी उरलेल्या अफूवर्गीय गोळ्या मागून घेऊ नयेत. आणि जे आधीच त्या नित्य घेत असतील त्यांनी त्या एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने कमी कराव्यात.