बॅटल रॅप : रचनाकौशल्य आणि उपहास

प्रास्ताविक

कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले एकमेकांना काव्यातून कूटप्रश्न घालीत. तेथे शाहिराचे पुराणज्ञान व हजरजबाबीपणा पणाला लागे. काव्यातून प्रतिपक्षावर मात करण्याची एक वेगळी परंपरा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात ‘बॅटल रॅप’ या नावाने विकसित झाली. येथे मात्र प्रश्नाचे अचूक उत्तर नसते; निवाडा श्रोत्यांच्या प्रतिसादावर अवलंबून असतो. म्हणूनच एक वाद सतत उपस्थित होतो : श्रेष्ठ कोण? यमक, ताल आणि श्लेष यांवर प्रभुत्व असणारा, की अपमानातून हशा पिकविणारा?

अपमानाचा संकेत

बॅटल रॅपची पाळेमुळे ‘डझन्स’ या शाब्दिक खेळात आहेत. त्यात दोघे जण आळीपाळीने एकमेकांची आणि विशेषतः एकमेकांच्या आईची अतिशयोक्त निंदा करतात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेम भागातील मुलांच्या बोलीचा अभ्यास केला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी संकेतबद्ध अपमान आणि वैयक्तिक अपमान यांत भेद केला आहे. संकेतबद्ध अपमान खरा नाही हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून त्याला उत्तर म्हणून दुसरा, अधिक सरस अपमान येतो. वैयक्तिक अपमान झाल्यास मात्र मनुष्य आरोप नाकारू लागतो आणि खेळ तेथेच मोडतो. यावरून असे म्हणता येते, की आशय मुळातच खोटा असल्याने अपमानाची गुणवत्ता त्याच्या रचनेत शोधावी लागते.

१९८१ चा सामना

डिसेंबर १९८१ मध्ये ‘हार्लेम वर्ल्ड’ या क्लबात झालेला सामना या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बिझी बी हा श्रोत्यांना साद घालून त्यांच्याकडून प्रतिसाद घेणारा, विनोदी आणि लोकप्रिय रॅपर होता. ‘ट्रेचरस थ्री’ या गटातील कूल मो डी याची ख्याती द्रुतगती, दाट यमकांच्या रचनेसाठी होती. आपल्या पाळीत मो डीने बिझी बीच्या ठरावीक लकबींचीच नक्कल केली, त्याचे नावदेखील उसने असल्याचा आरोप केला आणि हे सारे घट्ट बांधलेल्या यमकांतून मांडले. या सामन्याची ध्वनिफीत हातोहाती पसरली. केवळ गर्दी खूश करणाऱ्यापेक्षा शब्दरचनाकाराला अधिक मान देण्याच्या प्रवृत्तीचा प्रारंभ अनेक जण येथून मानतात.

तथापि, हा विनोदाचा पराभव होता असे म्हणणे योग्य नव्हे. मो डीनेही श्रोत्यांना हसविले. फरक इतकाच, की बिझी बीचा विनोद कोणत्याही मेळाव्यात खपला असता. मो डीचा विनोद त्याच एका प्रतिस्पर्ध्यासाठी घडविलेला होता.

तंत्र आणि हशा यांचे नाते

यमक श्रोत्याच्या मनात अपेक्षा निर्माण करते. ओळीच्या शेवटी कोणता ध्वनी येणार हे त्याला जाणवते. पण शब्द कोणता येणार हे ठाऊक नसते. अपमानाचा शब्द नेमका त्या जागी पडला, की अपेक्षापूर्ती आणि आश्चर्य एकाच क्षणी घडतात व हशा उसळतो. म्हणजे यमक हे विनोदाचे साधनच ठरते. उलट, ज्याचा रोख कोणावरच नाही असे गुंतागुंतीचे यमक कौतुक मिळविते, परंतु प्रतिपक्षाला जखम करीत नाही.

या नात्याची मर्यादा ‘एट माइल’ (२००२) या चित्रपटातून स्पष्ट होते. अंतिम सामन्यात नायक आपली सारी वैगुण्ये स्वतःच सांगून टाकतो. ती खरी आहेत, पण त्याने ती स्वीकारल्यामुळे आरोप म्हणून उरत नाहीत. परिणामी प्रतिस्पर्ध्याजवळ बोलण्याजोगे काहीच राहत नाही.

समारोप

रचनाकौशल्य आणि उपहास हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून उपहासाला धार देणारे साधन म्हणजे रचनाकौशल्य होय. मौखिक काव्याचे मूल्यमापन करताना एक कसोटी उपयोगी पडते : हीच ओळ दुसऱ्या कोणाला उद्देशून म्हणता आली असती काय? उत्तर ‘होय’ असेल, तर ती ओळ कितीही हसविणारी वा कितीही सुघटित असली, तरी सामन्याच्या दृष्टीने दुबळीच मानावी लागेल.

स्वाध्याय

१. संकेतबद्ध अपमान आणि वैयक्तिक अपमान यांतील भेद स्पष्ट करा.
२. कलगी-तुरा आणि बॅटल रॅप यांतील निवाड्याच्या पद्धतींची तुलना करा.