संशोधन निधी आणि आपली शेड

‘सरकार डिजिटल कारखान्यांसाठी पैसा देणार आहे, तेव्हा नव्या सीएनसीला सबसिडी मिळेल,’ अशी आशा लघुउद्योजकांच्या बैठकांत नेहमी बोलून दाखवली जाते. ती आधी बाजूला ठेवायला हवी. यंत्रखरेदीला हातभार लावणाऱ्या योजना वेगळ्या असतात, संशोधन निधी वेगळा असतो.

केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाची भांडवली वस्तू क्षेत्राची योजना पाहा. तिचा दुसरा टप्पा जानेवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाला. तरतूद १,२०७ कोटी रुपयांची. हा पैसा उत्कृष्टता केंद्रे, सामाईक अभियांत्रिकी सुविधा, चाचणी व प्रमाणन केंद्रे, उद्योग आणि संशोधन संस्थांनी मिळून करायचे तंत्रज्ञान विकास प्रकल्प आणि कौशल्य अभ्यासक्रम यांच्यासाठी आहे. याच मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ उपक्रमातून चार केंद्रे उभी राहिली: पुण्यातील सी४आय४ लॅब, दिल्ली आयआयटीतील एक आणि बंगळूरुची दोन, भारतीय विज्ञान संस्था व केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था येथे. एखाद्याच्या शेडमध्ये यंत्र बसवून देणे हे या केंद्रांचे काम नाही.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो. ‘सेन्सर बाजारात मिळतात, सॉफ्टवेअर विकत मिळते, मग यात संशोधन कसले?’

कोल्हापूरच्या फौंड्रीचे उदाहरण घेऊ. वाळूतला ओलावा एका वहीत, धातूचे रासायनिक विश्लेषण दुसऱ्या ठिकाणी, ओतण्याचे तापमान तिसऱ्या कागदावर. कास्टिंगमध्ये ब्लो होल सापडतो तो अनेक दिवसांनी, कधीकधी थेट ग्राहकाकडे मशीनिंग होताना. तो जास्त ओलाव्यामुळे आला, कोअरमधल्या वायूमुळे आला, की वायू बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती म्हणून? दोष एक, कारणे अनेक. खरे कारण शोधायचे तर ते कास्टिंग कोणत्या हीटचे, कोणत्या मोल्डचे, हे कळायला हवे. बारकोडचे स्टिकर तिथे चालत नाही, कारण लोखंड तेराशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला ओतले जाते. म्हणजे प्रत्येक नगावर ओतकामातही टिकणारी आणि परवडणारी खूण उमटवायची, ती पुढे यंत्राला वाचता यायला हवी, आणि विखुरलेल्या सगळ्या नोंदी त्या खुणेशी जोडायच्या. हे काम करणारी वस्तू दुकानात तयार मिळत नाही. संशोधनाचा पैसा हवा तो इथे.

मशीन शॉपमध्येही हेच. एका छपराखाली वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर, त्यात काही इतके जुने की नेटवर्कची केबल लावायला जागाच नाही. मोटरच्या वायरीवर करंट मोजणारा सेन्सर अडकवला की यंत्र चालू आहे की रिकामे उभे आहे, हे कमी खर्चात कळते. पण त्यावर कोणता जॉब लागला आहे आणि सेटिंगला किती वेळ गेला, हे तेवढ्यावरून समजत नाही. ओपीसी यूए आणि एमटीकनेक्ट ही खुली मानके यंत्रांना समान भाषा देतात, पण प्रत्येक जुन्या यंत्रापर्यंत ती भाषा पोचवायची तर मध्ये कोणीतरी दुभाषा तयार करावा लागतो. शिवाय एका लेथच्या कंपनांवर बेतलेले बिघाड ओळखणारे मॉडेल शेजारच्या लेथवर तसेच्या तसे चालेल याची खात्री नसते. आणि यंत्रे नेटवर्कला जोडली की सायबर सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच. माझ्या मते आपल्याकडे सेन्सरवर खर्च होतो आणि या जोडकामावर होत नाही, म्हणून डॅशबोर्ड भिंतीवर लागतात आणि रिजेक्शन मात्र हलत नाही.

पैसा फुकट असतो, हाही समज सोडावा. वरच्या १,२०७ कोटींपैकी ९७५ कोटी सरकारचे. उरलेले २३२ कोटी उद्योगांनी घालायचे आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेचा एक लाख कोटींचा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. ते मुख्यतः कमी किंवा शून्य व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज आहे. काही ठिकाणी भागभांडवल. तेही तंत्रज्ञान सिद्धतेच्या नऊ पायऱ्यांपैकी किमान चौथीवर पोचलेल्या कामाला. चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेत चालून दाखवलेली गोष्ट. नुसती कल्पना घेऊन गेलात तर ही योजना तुमच्यासाठी नाही.

करसवलतीबद्दलही जुनी माहिती अजून फिरते. कंपनीच्या मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधनावर खर्चाच्या दुप्पट वजावट मिळते, असे काहीजण आजही सांगतात. २०१७-१८ पासून ती दीडपट झाली, २०२०-२१ पासून खर्चाइतकीच.

‘हे मोठ्यांचे काम, आपल्याला कोण विचारतो?’ ही तक्रार पूर्णपणे खोटी नाही. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. एवढ्या तोकड्या पैशात लहान कारखान्याच्या वाट्याला थोडेच येते. पण लहानांसाठी वेगळी सोय करता येते, हे जर्मनीने दाखवले आहे. २०११ च्या हॅनोव्हर मेळ्यात ‘इंडस्ट्री ४.०’ची घोषणा झाली, आणि पुढे काही वर्षांतच तिथल्या सरकारने लघु व मध्यम उद्योगांसाठी देशभर सल्ला केंद्रे उघडली. तिथे मार्गदर्शन आणि प्रात्यक्षिके विनामूल्य मिळतात. आपल्याकडे चार केंद्रांवर भागणार नाही. इचलकरंजी, वाळूज, सातपूर इथल्या उद्योजकाला पुण्याला खेपा न घालता हे दिसायला हवे.

आपली माहिती प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाईल, या भीतीने अनेक जण संशोधन प्रकल्पात उतरत नाहीत. भीती रास्त आहे, पण तिला उत्तर कराराचे आहे: माहिती कोणाच्या मालकीची, ती कोणाला दाखवायची, शोधाचे हक्क कोणाकडे राहतील, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे.

म्हणून लघुउद्योजकांना एक विनंती. कोटेशन मागवण्याआधी आपला सर्वांत महागात पडणारा एक दोष निवडा, त्याच्या रिजेक्शनच्या सहा महिन्यांच्या नोंदी गोळा करा आणि त्या घेऊन जवळच्या अभियांत्रिकी संस्थेत किंवा केंद्रात जा. तोच दोष छळणारे आणखी चार-पाच कारखाने बरोबर घेतलेत, तर प्रस्तावाला वजन येईल.