बीजमाता राहीबाई

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुका वसला आहे. या तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई सोमा पोपेरे राहतात. महादेव कोळी समाजात १९६४ साली जन्मलेल्या राहीबाईंना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही; त्यांचे सारे शिक्षण शेताच्या बांधावर झाले.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात संकरित बियाणी खेडोपाडी पोहोचली. त्यांनी धान्याचे उत्पन्न वाढविले, हे नाकारता येणार नाही. परंतु संकरित पिकाचे दाणे राखून पुन्हा पेरले, तर मूळचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. त्यामुळे दरवर्षी नवे बियाणे विकत घेणे ओघानेच आले, आणि वाडवडिलांनी जपलेले गावठी वाण मागे पडले. पुढे राहीबाईंचा नातू आजारी पडला. फवारणी केलेल्या भाजीपाल्यामुळेच हे झाले असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हापासून त्या भात, नाचणी, वाल, घेवडा यांची जुनी बियाणी जमवू लागल्या. 'बायफ' या संस्थेच्या साहाय्याने त्यांच्या घरीच बियाण्यांची बँक उभी राहिली.

ताम्रपट पेटीत ठेवला तर शतकानुशतके टिकतो. बियाचे तसे नाही. नॉर्वे देशाने ध्रुवप्रदेशातील स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ साली बियाण्यांचे मोठे कोठार उघडले. तेथे शून्याखाली १८ अंश तापमानात बियाणी निद्रिस्त ठेवतात. खेड्यातील मडक्यात राखेत घोळून ठेवलेल्या बियाची उगवणशक्ती मात्र थोड्याच वर्षांत क्षीण होते. म्हणून ते पुनःपुन्हा पेरावेच लागते. शिवाय, कोणता वाल केव्हा लावावा, कोणता भात उताराच्या खाचरात तग धरतो, हे जाणणारी माणसेही हवीत. हे ज्ञान बहुधा घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांपाशीच असते, आणि ते कोणत्याही कोठारात साठविता येत नाही.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी राहीबाईंना 'बीजमाता' म्हणून गौरविले. २०२० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्यांच्या बँकेत व्यवहार चालतो तो पैशाचा नव्हे. गरजू शेतकऱ्याने बी न्यावे, पेरावे आणि पीक हाती आल्यावर दुप्पट परत आणून द्यावे, एवढीच तिची अट.