अँबॅसडरचा उन्हाळी विकार आणि हायलमची चकती

बडोद्यातील जुन्या डॉक्टरांच्या दारात एके काळी अँबॅसडर किंवा फियाट उभी असे, आणि मे महिन्यात त्या गाडीत एक ओला टॉवेल हमखास असे. रुग्णाला तपासून डॉक्टर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर आले की गाडी सुरू होण्याचे नाव घेत नसे. मग बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर टॉवेल ठेवायचा आणि यजमानांच्या आग्रहास्तव पन्ह्याचा दुसरा पेला घ्यायचा. माझ्या वडिलांनी रावपुऱ्यात जनरल प्रॅक्टिस केली ती याच पद्धतीने. पन्ह्यापर्यंत गोष्ट गमतीची होती. एकदा भर दुपारी आचके येणारे एक मूल गाडीत घेतले आणि गाडी जागची हलली नाही. मुलाला रिक्षाने न्यावे लागले. मूल सुखरूप राहिले. परंतु बाबांनी ती दुपार गाडीला कधी माफ केली नाही, आणि गाडी विकलीही नाही.

ती गाडी आता माझ्याकडे आहे. मी अस्थिशल्यविशारद, स्क्रू, पाने आणि ड्रिल यांच्याशी माझे रोजचेच नाते. त्यामुळे कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर घरच्या घरी बसवावा असे मनात आले, तेव्हा आत्मविश्वासाची उणीव नव्हती. उणीव होती ती निदानाची, आणि ती बाबांनीच दाखवून दिली.

प्रथम या इंजिनाविषयी थोडेसे. हिंदुस्तान मोटर्सचा आरंभ १९४२ साली आपल्या गुजरातेतच, ओखा बंदरी झाला. १९४८ मध्ये कारखाना बंगालमधील उत्तरपाड्यास गेला. तेथे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अँबॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले. याच मापाचे इंजिन १९५५ च्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स गाडीत होते. हालोलला २०१९ पासून एमजी नावाच्या ज्या गाड्या तयार होऊ लागल्या, त्या नावाची पूर्वज आणि आमची अँबॅसडर ही अशी चुलत भावंडे निघतात!

या घराण्यात एक जन्मजात वैगुण्य आहे. हवा आत घेणारा इनटेक मॅनिफोल्ड आणि तप्त धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे दोन्ही इंजिनाच्या एकाच अंगाला, एकमेकांस लागून असतात. एक्झॉस्ट खाली, इनटेक वर आणि त्याच्याही वर कार्ब्युरेटर. निखाऱ्यांच्या शेगडीवर दुधाचे पातेले ठेवावे, तसा हा संसार. गाडी धावत असते तोवर निभावते, कारण आत येणारी हवा आणि सतत बदलणारे पेट्रोल कार्ब्युरेटरला थंड ठेवतात. इंजिन बंद केले की पंखा थांबतो, पाण्याचे अभिसरण थांबते, आणि साठलेली उष्णता वर चढू लागते. म्हणजे गाडी उभी केल्यावर कार्ब्युरेटर आधीपेक्षा अधिक तापतो. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असून त्याचा हलका भाग ३५-४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतो. बडोद्याच्या मे महिन्यात सावलीतली हवाच तेवढी तापलेली असते. बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको.

मी ऐटीत ही सारी मीमांसा बाबांना ऐकवली. ते म्हणाले, "अरे, टॉवेल मी पंपावर ठेवीत होतो आणि तू कार्ब्युरेटरवर शस्त्रक्रिया करायला निघालास. दोघांपैकी एकाचे निदान चुकलेले असणार. आधी तपास, मग हत्यार उचल."

प्रश्न रास्त होता. लक्षण एकच, गाडी सुरू न होणे. विकार मात्र निरनिराळे. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच दाबीत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा राहतो. याउलट कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळले तर ते जेटमधून उतू जाऊन मॅनिफोल्डमध्ये सांडते आणि इंजिन गुदमरते. पहिल्या विकारावर स्पेसर निरुपयोगी आहे. तेथे पंप आणि नळी यांना आडोसा हवा. दुसऱ्यावर तो नेमका लागू पडतो. तपासणीही सोपी आहे. गाडी अडली की एअर क्लीनर काढावा आणि इंजिन न फिरवता अॅक्सिलरेटरची दांडी हाताने हलवून कार्ब्युरेटरच्या घशात पाहावे. पेट्रोलची पिचकारी उडाली नाही, तर चेंबर रिकामा; घसा ओला दिसला व पेट्रोलचा उग्र दर्प आला, तर उतू गेलेले. (हे पाहताना चेहरा दूर ठेवावा आणि कोणालाही स्टार्टर मारू देऊ नये.) तीन दुपारी मी ही तपासणी केली. तिन्ही वेळा घसा ओला होता. टॉवेलाला मिळालेले श्रेय बहुधा पन्हे पिण्यात गेलेल्या वेळाचे असावे. बाबांनी हे मान्य केले, पण फार खुशीने नव्हे.

मूळ कार्ब्युरेटरखाली एक पातळ रोधक तुकडा असतोच. मला तो जाड हवा होता. मकरपुरा जी.आय.डी.सी.तील एका लेथवाल्याने मोठ्या प्रेमाने आल्युमिनियमचा स्पेसर करून दिला. दिसायला अतिसुंदर, कामाला शून्य. आल्युमिनियम हे फिनॉलिक रेझिनच्या शेकडो पट उष्णता वाहून नेते. म्हणजे मी पातेल्याखाली लाकडी पाटाऐवजी तवा ठेवला होता. चूक माझी, कारण धातू नको हे मी सांगितलेच नव्हते. मग हायलमच्या पत्र्यातून बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून घेतला. हायलम म्हणजे कापड किंवा कागद यांच्या थरांत जिरवलेले बेकेलाइटच. बेकलंड यांनी अमेरिकेत बेकेलाइट सिद्ध केले ते १९०७ साली. त्याच वर्षी आपल्या बडोद्यात अलेम्बिकची स्थापना झाली. रसायनशास्त्राला ते वर्ष एकंदरीत मानवले असे दिसते.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम एका सकाळचे आहे. मात्र ते पूर्ण थंड इंजिनावर, बॅटरीची ऋण तार सोडवून आणि उघड्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या देवघरातल्या निरांजनापर्यंतही पोहोचू शकते. भाजलेले रुग्ण पाहिलेल्यांना अधिक सांगणे न लगे. कार्ब्युरेटर उतरवल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे आणि शेवटी ते काढल्याची खात्री करावी. पोट शिवण्यापूर्वी मॉप मोजतो, तसेच. स्पेसरच्या जाडीइतके लांब स्टड लागतात. जुने स्टड दोन नट एकमेकांवर आवळून सोडवावे, आणि ते हलेनासे झाले तर जोर न करता गंजनाशक तेल घालून एक रात्र थांबावे. मोडलेला स्टड काढणे हे मोडलेला स्क्रू हाडातून काढण्याहून सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माझी दुसरी चूक पॅकिंगची. सारे जोडून इंजिन सुरू केले, तर आयडलिंगला ते थरथरू लागले. सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारताच इंजिनाची चाल बदलली; म्हणजे तेथून हवा ओढली जात होती. कार्ब्युरेटरची फ्लँज वर्षानुवर्षे अति आवळल्याने वाकली होती. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासली, दोन्ही बाजूंना नवी पॅकिंग घातली आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. उंची वाढल्याने बॉनेट टेकते की काय, हे नातवाच्या खेळण्यातल्या मातीने पाहिले. एअर क्लीनरवर तिचा गोळा ठेवून बॉनेट लावले. गोळा किती चपटला ते पाहिले. बोटभर जागा उरली होती.

असले स्पेसर विकणारे शक्ती वाढल्याचे दावे करतात. त्यांत मला तथ्य वाटले नाही. आत जाणारी हवा दहा अंशांनी थंड झाली, तर तिची घनता सुमारे तीन टक्के वाढेल हे खरे. पण धावत्या गाडीत हवा मॅनिफोल्डमधून निमिषात निघून जाते, तिला तापायला सवड कोठे? आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर बहुधा मॅनिफोल्डच प्लॅस्टिकचा असतो. तेथे आणखी चकती घालणे म्हणजे छत्रीवर छत्री.

जुन्या गाड्यांना आता नवा प्रश्न आहे तो इंधनाचा. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्याने मिश्रण पातळ होते आणि जुने रबर फुगते. म्हणून स्पेसरबरोबरच नळ्या आणि पंपाचा पडदा मी बदलून घेतला, जेटही किंचित मोठा केला.

पहिल्या मे महिन्यात सुरसागरच्या काठी भर दुपारी वीस मिनिटे गाडी उभी करून पाहिली. बाबा शेजारी घड्याळ घेऊन बसले होते. पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागले. ते काही बोलले नाहीत. जानेवारीत मात्र बोलले: मॅनिफोल्डची ऊब कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नसल्याने थंडीत सकाळी चोक पूर्वीपेक्षा अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो, आणि त्यांना सकाळी सहाला कमाटीबागेत फिरायला जायचे असते.