मानेवरचा व्रण

पॅरिस शहरात नोत्रदामच्या भव्य प्रार्थनामंदिराच्या पाठीमागे १८६४ साली नव्याने बांधलेले एक सरकारी शवागार होते. बेवारशी प्रेतांची ओळख पटावी या निव्वळ प्रशासकीय हेतूने काचेच्या भिंतीआड शिळांवर मांडलेली प्रेते पाहावयास तेथे कारागीर, कुलीन स्त्रिया आणि शाळकरी पोरे यांची रोज झुंबड उडे, आणि १९०७ साली सरकारने मज्जाव करीपर्यंत हा फुकटचा तमाशा अव्याहत चालू होता. एमिल झोला यांच्या ‘तेरेझ राकँ’ या १८६७ सालच्या कादंबरीतील लोराँ रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी याच जागी हजेरी लावतो. कारण सीन नदीत आपण स्वतः बुडविलेल्या कामीयचे प्रेत सापडून त्याच्या मृत्यूची दप्तरी रीतसर नोंद झाल्यावाचून त्याच्या विधवेशी, म्हणजे आपली प्रेयसी तेरेझ हिच्याशी, निर्वेधपणे विवाह करता येणार नाही, हे त्या हिशेबी माणसाला पक्के ठाऊक असते.

प्रेत सापडते, कोणालाही संशय येत नाही आणि यथावकाश लग्नही लागते. परंतु होडीतून लोटले जाताना कामीयने लोराँच्या मानेचा लचका तोडलेला असतो. तो व्रण लग्नाच्या दिवशी ताठ कॉलरखाली झोंबू लागतो, आणि शय्येवर दोघांच्या मध्ये तो बुडालेला, फुगलेला देह रात्रीमागून रात्री येऊन पडतो. ‘फिगारो’ पत्रातील एका टीकाकाराने हे वाङ्मय सडके ठरविले, तेव्हा १८६८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत झोलांनी दिलेले उत्तर आजही चकित करणारे आहे. शल्यवैद्य प्रेताची चिकित्सा करतो तशी आपण दोन जिवंत देहांची केली, आपला विषय स्वभाव नसून शारीर प्रकृती हा आहे, या माणसांत आत्म्याचा मागमूसही नाही आणि ज्याला पश्चात्ताप म्हणणे भाग पडले तो केवळ देहयंत्रणेतील बिघाड, मज्जासंस्थेने केलेले बंड होय, असा त्याचा आशय होता.

आता ज्या शास्त्राच्या भरवशावर ही प्रतिज्ञा केली ते शास्त्र तपासावे, तर पाया बराचसा कच्चा निघतो. लोराँ रक्तप्रधान प्रकृतीचा, तेरेझ मज्जाप्रधान प्रकृतीची, आणि एकीच्या संसर्गाने दुसऱ्याचा समतोल ढळला, ही मांडणी ग्रीक वैद्यांच्या प्रकृतिविचाराची वंशज आहे; वात-पित्त-कफाच्या भाषेत वाढलेल्या आपल्या वाचकाला ती परकी वाटू नये. पण रोगाचे मूळ देहातील रसांत नसून पेशींत शोधावे, असे बर्लिनमध्ये रूडोल्फ फिर्खो यांनी १८५८ सालीच प्रतिपादिले होते. सिद्धान्तकार झोला म्हणजे एका मोडीत निघालेल्या संस्थानाचे निष्ठावंत कारकून होते, असे म्हणण्याचा मोह होतो. निरीक्षक झोलांची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे.

त्या व्रणाचेच पाहा. मन क्षुब्ध झाले की लोराँच्या मानेकडे रक्त धावते आणि व्रण पेटतो, हे वर्णन कल्पनेचा खेळ वाटेल. परंतु पॅरिसमध्येच १८५१ च्या सुमारास क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू कापून पाहिला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि ऊन झाला, आणि त्वचेतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण मज्जातंतूंच्या हुकमतीखाली चालते, हे त्यातून पुढे सिद्ध झाले. भय, लज्जा, संताप हे त्वचेपर्यंत पोहोचतात ते याच वाटेने. याच बेर्नारांना गुरुस्थानी कल्पून झोलांनी १८८० साली प्रयोगनिष्ठ कादंबरीचा पुरस्कार केला. तो दावा मला मान्य नाही; सशाने काय करावे हे बेर्नार ठरवीत नव्हते, लोराँने काय करावे हे मात्र झोलाच ठरवीत होते.

लोराँ नोकरी सोडून चित्रे काढू लागतो, तेव्हा वृद्धाचे, तरुणीचे, कोणतेही मस्तक रेखाटले तरी त्यातून कामीयचाच चेहरा उमटतो, हा भाग मला साऱ्या कादंबरीत सर्वाधिक भेदक वाटतो. प्रक्षोभाच्या क्षणी स्रवणारी ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये स्मृतीचा ठसा खोल करतात. १९९४ साली अमेरिकेत लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काहींना या द्रव्यांचा प्रभाव रोखणारे औषध देऊन एक हृदयद्रावक गोष्ट ऐकविली, तेव्हा इतरांच्या मनात ठसठशीत राहिलेला तिचा करुण भाग औषध घेतलेल्यांना तितकासा आठवला नाही. विस्मरणाचा प्रयत्न तर उलटाच अंगलट येतो. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा, असे डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बजावले होते. घंटा मिनिटाला एकाहून अधिक वेळा वाजत राहिली. लोराँच्या हातातील कोळशाची कांडी ही तशीच एक घंटा होती.

आणि ते शय्येवरचे प्रेत? जागृती व निद्रा यांच्या सीमेवर प्रकटणाऱ्या आभासांना आल्फ्रेद मोरी या फ्रेंच पंडिताने १८४८ मध्येच स्वतंत्र नाव दिले होते, आणि दीर्घ जागरणाने असे आभास बळावतात, हे रात्रपाळी करणाऱ्यांना सांगावयास नको. एकत्र कोंडलेल्या दोघांना एकच भ्रम ग्रासतो, या विकाराचे ‘दोघांचे वेड’ असे नामकरण लासेग व फाल्रे या वैद्यांनी १८७७ साली, म्हणजे कादंबरी निघून दहा वर्षे लोटल्यावर, केले. येथे कादंबरीकार वैद्यांच्या पुढे होता.

राहिली कामीयची वृद्ध माता. पक्षाघाताने तिचे सर्वांग आणि वाचा जाते, ऐकणे-समजणे शाबूत राहते, आणि नेमकी त्या अवस्थेत सून व जावयासारखा मानलेला लोराँ यांच्या भांडणातून तिला मुलाच्या खुनाचा कबुलीजबाब ऐकावा लागतो. प्रत्यक्षातही मस्तिष्कसेतूच्या पुढच्या भागास इजा झाली की हातपाय, जीभ, चेहरा यांकडे जाणारे हुकूम तेथेच अडतात. पण डोळे वर-खाली फिरविणारी व पापण्या उचलणारी केंद्रे त्याच्या वर, मध्यमस्तिष्कात असल्यामुळे बचावतात. प्लम आणि पोस्नर यांनी १९६६ साली या बंदिस्त अवस्थेचे शास्त्रीय नामकरण केले. कादंबरीत गुरुवारी डॉमिनो खेळावयास जमलेल्या पाहुण्यांसमोर, त्यांत एक निवृत्त पोलीस अंमलदारही असतो, ती कसाबसा हात हलवून बोटाने मेजावर गुन्हेगारांची नावे लिहू लागते. वाक्य पुरे होण्याआधीच बोट निकामी होते, आणि ही मुले आपली छान शुश्रूषा करतात असेच म्हातारीला सांगावयाचे असावे, असा निर्वाळा मंडळी देऊन टाकतात. शेवटी परस्परांचा जीव घ्यावयास निघालेले ते दोघे एकाच पेल्यातले विष पिऊन तिच्या पायांशी कोसळतात, आणि रात्रभर, दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, देहात तेवढेच हलणारे डोळे त्यांच्यावर रोखून ती निःशब्द बसून राहते.